शेंदराखालचं नाव

"तो देव नाही साहेब, मानूस आहे." एवढं बोलून तो खाकी पँट गुडघ्यापर्यंत वर सारायचा, दगडासमोर उकिडवा बसायचा आणि बांबूच्या कामटीनं शेंदूर खरवडायला लागायचा. दर वर्षी भाताची रोवणी आटोपली की हे ठरलेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दरेकसाच्या स्टेशनावर मी तेव्हा स्टेशनमास्तर होतो आणि तो कीमन. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जखडलेले असतात त्या रोज चालत जाऊन तपासायच्या, एखादी सैल दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्याचं काम. असा माणूस तुम्हीही गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. गाडी आली की तो बाजूला सरकतो आणि तुमच्याकडे न बघता चाकांकडे बघत राहतो. हाही तसाच. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते तोंडावर. मी नवीन असताना एकदा विचारलं, "भाऊ, जंगलात एकटे फिरता, भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटते ना. मंग रूळ काय घरी आनू?"

स्टेशनापासून थोडं पुढे, रुळाच्या कडेला मोहाच्या झाडाखाली तो दगड होता. गावाचा गोरा बाबा. शेळी हरवली, पोर आजारी पडलं की लोक त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावत, पेटवलेली विडी ठेवत, मोहाच्या दारूची धार सोडत. आखाडीला, म्हणजे आषाढात शिवेवरच्या देवांची पूजा होते तेव्हा, तर शेंदराचा थरच चढायचा. या शेंदराखाली इंग्रजी अक्षरं होती.

रॉकेलच्या चिंधीनं शेवटचा थर पुसला की तो मला बोलावून म्हणायचा, "वाचा." त्याला मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. मी वाचून मराठीत सांगायचो. डेनिस नावाचा शिपाई, आयरिश पलटणीतला. सरहद्दीवरच्या लढाईत गोळ्या सुटत असताना जखमी सोबत्याला पाठीवर घालून घेऊन आला, म्हणून शौर्याचं पदक मिळालं. पुढे पलटणीबरोबर आगगाडीनं जाताना तापानं इथं वारला. वय बावीस. दगड सोबत्यांनी उभा केला.

"एवढ्या गोळ्यायतून वाचला अना तापानं गेला," तो दर वर्षी म्हणायचा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. "बावीस वरसाचा पोट्टा. अना हे लोक त्याले विडी पाजून राहिले."

गावात शेळ्या राखणारी एक म्हातारी होती. शेंदूर लावण्यात तिचा हात कोणी धरत नसे, आणि या दगडावरून दोघांचं हाडवैर.

"देवाचं कातडं सोलून राहिला रे तू! काऊन करतेस असा?"

"त्याचं नाव दबते म्हनून."

"देवाले कायले पाह्यजे नाव?"

"तेच तं सांगून राहिलो, आजी. देव नाही तो."

म्हातारी चार शिव्या हासडून निघून जायची. याच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर. नवससायास त्याला ठाऊक नव्हते. पाप लागेल या धमकीनं तो घाबरेल, ही आशा म्हातारीनं उगीचच धरली होती.

एकदा मी त्याला खोचकपणे विचारलं, की इंग्रजांच्या शिपायाचा तुम्हाला एवढा पुळका कशाला? आणि मग माझंच मला चुकल्यासारखं वाटून सांगितलं की आयरिश म्हणजे इंग्रज नव्हे, त्यांचा मुलूखही तेव्हा इंग्रजांच्याच ताब्यात होता. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे दुसऱ्याच्या लढाईत गेला," तो म्हणाला. "माह्या आज्यावानी."

त्याचा आजा इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढायला गेला होता. परत आला नाही. कुठे पडला, कोणी पुरलं, काहीच कळलं नाही. आजी मरेपर्यंत वाट बघत राहिली.

"तिकडच्या लोकायनं त्यालेही शेंदूर फासला असंल तं?" तो म्हणाला. "मंग त्याचं नाव कोन घेईल, साहेब?"

त्या वर्षापासून शेंदूर खरवडायला मीही त्याच्याशेजारी उकिडवा बसायला लागलो.

मग माझी बदली गोंदियाला झाली. तोही निवृत्त झाला. नव्या रुळाचं काम सुरू झालं, तेव्हा एका दुपारी त्याचा फोन आला. मालाच्या ट्रकांसाठी रस्ता काढत होते आणि दगड नेमका त्या वाटेत येत होता. तो कंत्राटदाराच्या मुकादमाकडे गेला, ही एका शूर शिपायाची कबर आहे म्हणून सांगितलं. मुकादम वाईट नव्हता. त्यानं हातातला नकाशा दाखवला. "चाचा, कागज पे तो कुछ नहीं है. किसकी कबर है? कोई वारिस है क्या?" वारस कुठून आणणार? मी म्हटलं, उद्या सकाळी येतो, अर्ज करू, साहेबांना भेटू. तो "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काही जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर दगड तळापासून माथ्यापर्यंत भगवा झाला होता. बोटभर जाड शेंदूर, पुढे नारळ, विडी. जेसीबी बाजूला उभा होता. चालकानं सकाळी दगड पाहून हात जोडले होते आणि मुकादमानंही फार न बोलता रस्ता चार हात पलीकडून वळवला होता. कीमन स्वतः मोहाखाली बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत शेंदरानं माखलेले.

"तुम्ही लावलात?" मी विचारलं.

"मीच लावला." तो हातांकडे बघत म्हणाला. "म्हातारीपासून मांगून आनला. कागद पाहून थांबले नसते साहेब, शेंदूर पाहून थांबले."

मी म्हटलं, काम संपलं की पुन्हा खरवडू. त्यानं मान हलवली. "आता नाही. मानूस दिसला का पुन्हा हटवतील त्याले." एवढ्या वर्षांत त्याच्या डोळ्यांत पाणी मी त्याच दिवशी पाहिलं. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्यासाठी फार वाईटही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. रोवणी आटोपल्यावर मी दरेकसाला गेलो, त्याच्या घरच्यांना भेटून आलो आणि पाय आपसूक मोहाकडे वळले. दगडाला आता चौथरा झाला होता. अंगावर शेंदरावर शेंदूर, वरून चकचकीत रंग. एक अक्षर हाती लागलं नसतं. म्हातारी समोर बसून नवा शेंदूर लावत होती. मला बघून तिनं मान हलवली, पण ओठ पुटपुटत राहिले. मी जवळ गेलो.

"डेनिस बाबा, आयरिश पलटन, बावीस वरसाचा. गोळ्यायतून गड्याले पाठीवर आनलंस, तापानं गेलास. पाव रे बाबा."

हे कोणी शिकवलं, मी विचारलं.

"त्या चाबीवाल्यानं. शेंदूर मांगाले आला होता ना, तवा. म्हने, आजी, आता तू म्हनशील तसाच राहू दे त्याले, पन नाव घेतल्याबिगर हा बाबा पावत नाही. पुरं नाव, पुरी गोठ सांगा लागते. म्या गावातल्या साऱ्या बायायले शिकवलं." मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तो तं देवाले मानतच नव्हता. खरं सांगतला का जी त्यानं?"

जन्मभर तोंडावर खरं बोललेल्या त्या माणसानं देवाच्या बाजूनं केलेलं हे एकच विधान.

"खरं आहे, आजी," मी म्हणालो. चपला काढल्या, तिच्याशेजारी उकिडवा बसलो, आणि शेंदराला बोट लावून आधी नाव घेतलं.