खिडकीमागची खुर्ची

माझा दादा बस डेपोत मिस्त्री होता. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा, आणि घरात पाण्याचा पेलासुद्धा हाताने घ्यायचा नाही. दोन्ही गोष्टींचा त्याला सारखाच अभिमान. "अगं ए, पाणी!" अशी हाक आली की वहिनी हातातलं टाकून धावायची. पाहुण्यांसमोर उशीर झाला तर मग बघायलाच नको. मी शेजारच्याच खोलीत राहते, लग्न केलेलं नाही आणि जिभेला हाड नाही. मी विचारायचे, "दादा, तुला काय हात नाहीत का रे?" तो हसायचा. तेव्हा हसू येत होतं मेल्याला.

मग एक दिवस डेपोतच झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा जड झाली पण राहिली, पाय हळूहळू काठीवर आला, हात मात्र लुळाच. डेपोच्या साहेबांनी माणुसकी दाखवली. निरोप आला, मिस्त्रींना आता गाडीखाली शिरणं जमायचं नाही, पण स्टोअरच्या खिडकीमागची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवतो. सुटे भाग द्यायचे, परत आलेले घ्यायचे. फक्त उठणं-बसणं, खाणं-पिणं, बाथरूमला जाणं आपलं आपल्याला जमलं पाहिजे, तिथे करायला कुणी नाही. दादाने त्या खुर्चीचा ध्यासच घेतला. डोळे मिटून पडलेला असला तरी मला कळायचं, हा खिडकीत बसून ब्रेकचे पट्टे वाटतोय.

दवाखान्यातून दोघीजणी घरी यायला लागल्या. चालायला शिकवणारी ती पायाची बाई. दुसरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ते नाव आमच्या कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून ती झाली हाताची बाई. तिला हसू यायचं. म्हणायची, "अहो, मी नुसत्या हाताची नाही, अख्ख्या दिवसाची बाई. उठल्यापासून झोपेपर्यंत माणसाला जे जे करावं लागतं, ते सगळं माझं काम."

पहिल्याच दिवशी तिने दादाला विचारलं, "दात कोण घासतं?"

"मी," वहिनी म्हणाली.

"जेवण?"

"भरवते की. आणि शर्टही मीच घालते. काही म्हणजे काही करू देत नाही हो मी यांना." बक्षीस मिळणार असल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

"ताई, तेच तर बंद करायचंय," बाई म्हणाली. वहिनीचं तोंड एवढंसं झालं.

बाई मोठी चिवट. शर्ट घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना तो शेवटी. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवलं, म्हणजे बोटांना धरायला जाड मिळतं. न्हाणीत स्टूल आणि भिंतीला दांडी. आणि दादाला कुठल्या कामावर जायचंय हे कळल्यावर तिने पिशवीभर नट-बोल्ट आणले नि त्याच्यापुढे ओतले. "लावा जोड्या, मिस्त्री." दादा शिव्या घालत, घाम गाळत जोड्या लावायचा. हळूहळू बोटं वळायला लागली. एक दिवस त्याने कप उचलून तोंडाला लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला तिथून उठून जावं लागलं. रडू काय त्याच्यासमोर?

वहिनीचा मात्र जीव वरखाली. तो बाहीशी झटापट करत असला की ही दारात उभी, हात नुसते शिवशिवतायत. मला म्हणायची, "बघवत नाही हो ताई. मी असताना यांनी असं धडपडायचं?" त्यात शेजारणींनी काडी टाकलीच. नवरा तडफडतो आणि बायको मजा बघते म्हणे. आग लागो त्यांच्या तोंडाला! बाई घरात असली की मी काही ना काही निमित्त काढून वहिनीला माझ्या खोलीत अडकवून ठेवायचे.

आणि मग साहेबांचा निरोप आला, उद्या भेटायला येतो. मला वाटलं, छान झालं, डोळ्यांनी बघून जातील. दुसऱ्या दिवशी मी बिस्किटं घेऊन परत आले तोवर वहिनीने दादाची दाढी केली होती, कडक इस्त्रीचा शर्ट चढवला होता, वरपर्यंत बटणं लावून त्याला उशांच्या गराड्यात टेकवलं होतं. साहेब येणार म्हणजे घर कसं नीट दिसायला हवं! उशा काढायला पुढे झाले तर बेल वाजली.

चहा आला. दादाचा हात कपाकडे निघाला. त्याला वेळ लागायचा. बोटं उघडायची, कान शोधायची, मग उचलायचं. साहेब बघत होते. वहिनीला ते सोसवेना. तिने झडप घालून कप उचलला, त्याच्या तोंडाला लावला आणि रुमालाने हनुवटी पुसली.

"जेवणखाण?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही काळजीच करू नका साहेब, सगळं मी करते."

"नाही साहेब, मला येतं..." दादाची जीभ जड. "दमू नका हो तुम्ही," वहिनी म्हणाली.

मी मध्ये पडले. "साहेब, तो स्वतःचं स्वतः पितो. थांबा जरा. दादा, दाखव." पण तोवर दादाचं डोकं सटकलं होतं. तो वहिनीच्या हातातला कप हिसकायला गेला आणि सगळा चहा त्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला.

"असू दे, असू दे," साहेब उठले. "तब्येत आधी, मिस्त्री." भला माणूस. आठवड्याच्या आत खिडकीमागे दुसरा बसला.

ते कळलं तेव्हा दादा वहिनीला म्हणाला, "माझी खुर्ची तू घालवलीस."

वहिनी आजवर त्याला कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मी? पाहुण्यांसमोर पाणी उशिरा आलं म्हणून जन्मभर माझ्यावर कोण ओरडलं? तुम्हीच ना? आता हात आवरायचा, हे मला कुठून कळावं? मला दुसरं शिकवलंत काय तुम्ही?" आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मी दोघांवर तोंड सोडणार होते. कुणावर सोडायचं तेच कळेना.

पुढच्या वेळी हाताची बाई आली तेव्हा दादा कपडे करून तयार बसला होता. तिला आनंद झाला. "अरे वा! आज माझ्या आधीच?"

"शर्ट तिने घातला," दादा म्हणाला. बाईने नट-बोल्टची पिशवी पुढे ओढली. त्याने ती चांगल्या हाताने परत सरकवली.

"राहू दे, बाई. मला आता कुठं जायचंय?"