गप्प बसणारा ॲम्प

सटाण्याच्या कार्यक्रमासाठी गिटारचा आवाज मोठा करणारा नवा ॲम्प घ्यायचं ठरलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तू चल बरोबर. माझे कान अंबडच्या कारखान्यातल्या मशिनांनी खाल्लेत." तिने मान डोलावली. हो आणि नाही ही दोन्ही उत्तरं आता मानेनेच येतात. घशात गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याखाली एक भोक आहे, त्यातून ती श्वास घेते आणि त्यावर सुती रुमाल बांधते. रुमाल साडीला मॅचिंग असतो. त्याबाबतीत ती कोणाचं ऐकत नाही.

ऑर्केस्ट्रात ती गायची आणि मी स्टील गिटार वाजवायचो. आमचं लग्नही त्यातूनच जमलं. सुरुवातीला माझ्याकडे साधी हवाईयन गिटार होती, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी बार तारांवरून सरकवत वाजवायची. पुढे पेडल स्टीलचं वेड लागलं. आपल्याकडे ती कुठे मिळणार? मी टूलरूमचा माणूस, फोटो बघून बघून स्वतःच बनवली. चार पायांचं टेबल, त्यावर तारा, खाली पायाने दाबायची पेडल्स. पेडल दाबलं की सळई ओढली जाते आणि वाजती तार वर चढते, गाणारा माणूस स्वर ओढत नेतो तशी. उजव्या पायाखाली आवाजाचं पेडल असतं. पाय पुढे दाबला की आवाज वाढतो, मागे घेतला की बंद.

एक गाणं तिचं होतं. जुनं हिंदी गाणं, नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा गुणगुणायला लागेल आणि माझं म्हणणं बाजूला राहील. तिने ओळ म्हणायची, मग मी तेवढ्याच लांबीचा पीस वाजवायचा, मग तिची ओळ. सटाण्याच्या गणपतीत या गाण्याला वन्समोअर नाही असं एकही वर्ष गेलं नाही. ऑर्केस्ट्रा मोडला, माणसं पांगली. यंदा मंडळाने जुन्या लोकांना एका संध्याकाळसाठी पुन्हा बोलावलं. फोन करणारा बिचारा सहज म्हणाला, "वहिनींचं ते गाणं झालंच पाहिजे बरं का." त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो बराच वेळ नुसता "अरे अरे" करत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही गिटारवर वाजवा ना पूर्ण."

हे माझ्या डोक्यात बसलं. स्टील गिटार माणसाच्या गळ्याच्या जितकी जवळ जाते तितकं दुसरं वाद्य जात नाही, असं मी आयुष्यभर लोकांना पकवत आलोय. आता ते करून दाखवायची वेळ आली होती. ॲम्प बरोबर मिळाला तर तिचा आवाज स्टेजवर परत येईल, निदान त्या पाच मिनिटांपुरता. मला दुसरं काही नको होतं.

पहिल्यांदा मेनरोडवरच्या दुकानात गेलो. मालकाने लाल रंगाचा एक गिटारचा ॲम्प काढला आणि त्यात किती प्रकारचे आवाज आहेत ते सांगत बसला. साध्या गिटारवाल्या पोरांना आवाज फाटलेला आवडतो, म्हणून ते ॲम्प मुद्दाम लवकर फाटतील असेच बनवतात. पेडल स्टीलचं उलटं असतं. तिचा स्वर विझायला लागला की आपण पाय दाबून त्याला धरून ठेवतो, तेव्हा ॲम्पच्या अंगात भरपूर ताकद शिल्लक पाहिजे. नाहीतर नेमका नाजूक जागी तो खरखरतो. लाल डबा दुसऱ्याच ओळीला खरखरला. मी थांबलो. बायकोने पंजा वर करून मला थांबूनच राहायला सांगितलं आणि ॲम्पच्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. ॲम्प चालू होता, वाजत काही नव्हतं. ती तशीच वाकून ऐकत राहिली आणि मग मान हलवली, नाही.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

मग तिथलाच कीबोर्डचा ॲम्प ऐकला. काळा, कपाटाएवढा, मोठ्या स्पीकरचा. कितीही दाबा, फाटत नाही. पण आवाज असा की मीठ विसरलेली भाजी. यात मी बायको कुठे शोधायची? तिने पुन्हा पंजा वर केला, पुन्हा कान लावला, आणि या वेळी तिचा चेहरा जरा सैल झाला. मी म्हणालो, "अगं, वाजवताना ऐक. गप्प असताना काय ऐकतेस?" ती हसली फक्त.

देवळाली कॅम्पात एका बाईंच्या घरी जुना वाल्वचा ॲम्प आहे असं ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याकडून कळलं होतं. बाईंचे यजमान लग्नात, पार्ट्यांमध्ये गिटार वाजवायचे, ते गेल्यावर ॲम्प कोपऱ्यात पडला होता. रिक्षात गिटारची पेटी आडवी घालून आम्ही गेलो. वाल्व म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दिवे, ते तापायला वेळ लागतो, तोवर बाईंनी चहा दिला. मग मी बायकोच्या गाण्याची पहिली ओळ वाजवली.

तीच होती. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मधल्या स्वराला तिचा आवाज थोडा घोगरा व्हायचा, तो घोगरेपणासुद्धा त्या डब्यातून आला. ऑपरेशनपासून मी घरात रेडिओ लावला नव्हता, तिच्या जुन्या कॅसेट काढल्या नव्हत्या, आणि इथे परक्या घरात चहाच्या कपासमोर ती गात होती. मला रडू आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी खाली बघितलं. वर बघतो तर हिचा पंजा वर. गप्प. ॲम्पमधून वाल्वची घूं ऐकू येत होती, फ्रीजची येते तशी. तिने जाळीकडे बोट दाखवलं आणि ठाम मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"अगं, वाल्वचा ॲम्प घूं करणारच! एकदा वाजायला लागलं की कोणाला ऐकू येतंय ते?"

तिने रुमाल नीट केला आणि बाईंना हात जोडून उठली.

परत येताना मी तोंड फिरवून बसलो. अबोला धरायचा तर आमच्या घरात आता मलाच धरावा लागतो, तिने धरलेला कळणार कसा? मी थेट बिटको चौकापर्यंत धरला. मग माझ्याच्याने राहवेना आणि मी भांडायला सुरुवात केली. तुझाच आवाज होता तो. तुला ऐकू आलं नाही का? तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाहेर बघत राहिली. ऐकू आलं होतं तिला.

शेवटी काळं कपाट घरी आलं. दोन माणसांनी जिन्यावरून वर आणलं आणि मी पूर्ण वेळ कुरकुरत होतो. संध्याकाळी प्रॅक्टिसला बसलो. सुरुवातीचा पीस वाजवला, आणि तिच्या ओळीला बार तारांवर ठेवतो तोच तिने येऊन आख्खा तळहात तारांवर दाबला. सगळं बंद. मग मांडीवर ठेका धरला. माझ्या हातांकडे बोट, म्हणजे तू तुझा पीस वाजव. नंतर स्वतःच्या गळ्याकडे बोट, आणि ठेका तसाच चालू. ओळीची लांबी संपेपर्यंत नुसता ठेका. मग पुन्हा माझ्याकडे बोट.

मला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे तुझ्या ओळी मोकळ्या सोडायच्या? स्टेजवर?"

तिने मोबाईल उचलला. ती सावकाश टाईप करते, जोडाक्षराला चिडते. मग स्क्रीन माझ्यापुढे धरली. "माझ्या ओळी माझ्या आहेत. खोक्यातून नकोत. तुम्ही तुमचे पीस वाजवा."

खोक्याचा राग जुना होता. हॉस्पिटलने गळ्याला लावायचं बॅटरीचं एक यंत्र दिलं होतं, बोललं की त्यातून करकर आवाज येतो. तिने ते एकदाच वापरलं. दारावर आलेल्या भाजीवालीला म्हणाली, "मेथी दे." भाजीवालीने कोणाचा मोबाईल वाजतोय म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्या दिवशी यंत्र साड्यांखाली गेलं ते कायमचं.

मी विचारलं, "लोकांना चूक वाटेल त्याचं काय?" तिने टाईप केलं, "वाटू द्या." मग काळ्या ॲम्पजवळ गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो चालू आहे की बंद ते बघायला लाल दिवा शोधला. चालू असूनही तो किती गप्प आहे ते मला तोवर कळलं नव्हतं. तेव्हा दुकानातला तो वर केलेला पंजा माझ्या ध्यानात आला. मी सगळीकडे तिचा आवाज शोधत हिंडलो आणि ती तिच्या ओळींसाठी रिकामी जागा बघत होती. तिथे घूं नको होती, खरखर नको होती. दुसरं कोणीच नको होतं.

सटाण्याला मांडव भरलेला होता. ढोलकीवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो फक्त "बरं दादा" म्हणाला आणि ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला. बायको पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी, मोरपंखी रुमाल. निवेदकाने गाण्याचं नाव घेतलं तशा टाळ्या पडल्या. मी पीस वाजवला. आळणी म्हणून नावं ठेवलेला तो ॲम्प त्या गर्दीतही कुठे फाटला नाही. पीस संपला, मी बार उचलला आणि आवाजाच्या पेडलवरचा पाय मागे घेतला.

ढोलकी एकटी चालली होती. पुढच्या खुर्च्यांमधली कुजबुज मला दिसत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती गात होती. ओठ हलत होते, भुवया त्याच जागी वर जात होत्या, हाताची बोटं मधल्या स्वराला वळत होती. ओळ संपताना ती हनुवटी किंचित उचलायची, त्यावरून मी नेहमी माझा पीस धरायचो.

मागून कोणीतरी तिकडच्या बागलाणी बोलीत आवाज लावला, "ओ दादा, आवाज येत नही! माईक बंद शे!"

साउंडवाला धावत येऊन तिच्या जुन्या जागी ठेवलेल्या माईकच्या स्टँडची वायर हलवायला लागला. ती हसली, खांदे हलवत, रुमालावर हात धरून. मलाही हसू आलं. तेवढ्यात तिने हनुवटी उचलली, आणि मी पीस धरला. बरोबर समेवर.

दुसऱ्या ओळीला तो पुन्हा ओरडला. "आवाज येत नही!" आजूबाजूचे चार लोक त्याला सामील झाले. मी पाय मागे घेऊन बसलो होतो. माझा ॲम्प गप्प होता. त्या माणसाचं काही चुकत नव्हतं. आवाज येत नव्हता.