रंजिताच्या फ्लावरला मारलेल्या गाठी

चंद्रकलाच्या पोटात दुखत होतं, आणि ते डॉक्टरला दाखवायचं दुखणं नव्हतं. धाकट्या जावेच्या, रंजिताच्या मागीलदारी फ्लावर धरला होता, तोही पांढराशुभ्र, ताटाएवढा!

वैशाखरे गावात गावदेवीच्या भंडाऱ्याला वीस वर्षं भाजी जायची ती चंद्रकलाच्या वाडीतली. सैपाकाचं बघणारा भिमाकाका दरवर्षी तिच्या दारात यायचा, आणि ती आढेवेढे घेत टोपली भरायची. केवढा तो मान! यंदा मेला पायरीही न चढता पलीकडे गेला. "फ्लावर-बटाटा करू. रंजिता, तुझेच गड्डे घेतो गो," म्हणाला, तेही चंद्रकलाला ऐकू जाईल असं.

बरं, फ्लावर चंद्रकलानेही लावला होता. जावेने लावला म्हणूनच लावला, खोटं कशाला बोला? पण उशिरा, वांग्यांच्या सावलीत. गड्डे आले लिंबाएवढे आणि तिथेच अडून बसले.

एके दिवशी राहवेना म्हणून ती कुंपणाशी गेली. "मोठे झाले गो तुझे!" एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, रंजिताने प्रत्येक गड्ड्यावर त्याचीच पानं ओढून केळीच्या सोपाच्या दोरीने गाठ मारलेली! चंद्रकलाच्या अंगाची लाही लाही झाली. माझी नजर लागंल म्हणून झाकलीस काय गो? मी काय चेटकीण हाय? रंजिता माहेरी किन्हवलीला गेली त्याच दुपारी चंद्रकला कुंपण ओलांडून आत शिरली. एकूण एक गाठ सोडली, पानं फाकवली आणि वर डोळे भरून बघून घेतलं. लागू दे नजर!

चार दिवस ऊन तापलं. रंजिताचा नवरा मनोज पाणी घालत होता, पण त्याचं लक्ष गाठींकडे कशाला जातंय! रंजिता परतली तेव्हा भंडारा उद्यावर आला होता आणि गड्डे म्हाताऱ्याच्या दातांसारखे पिवळे पडले होते. चंद्रकलाला गारगार वाटलं.

तेवढ्यात रंजिता रडवेली होऊन तिच्याच ओट्यावर येऊन बसली. "जाऊबाय, वाट लागली बघा. गड्डा पांढरा राहावा म्हणून पानं बांधायची, आईनं शिकवलेलं. ऊन लागलं तर पिवळा पडतो. मीच गाठी कच्च्या मारल्या, वाऱ्यानं सुटल्या."

नजरेसाठी नव्हे, उन्हासाठी बांधली होती!

"भिमाकाकाला सांगून आलेय," रंजिता डोळे पुसत म्हणाली, "भाजी जाऊबायचीच न्या म्हणून. तुमचा मान हाय तो. मला उगाच हौस."

सांगून टाकावं असं तीनदा ओठांवर आलं. रंजिताने शिवी दिली असती, तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. चंद्रकला वांगी तोडायला वाडीत शिरली, आणि रंजिता टोपली धरून तिच्या मागेमागे. हिला एवढं चांगलं वागायला जमतं तरी कसं? चंद्रकलाला आता त्याचाही हेवा वाटायला लागला.