बर्फात न ठेवायची बाटली

मुंबईहून निघतानाच बर्फाच्या डब्याचा पट्टा तुटला आणि त्या दिवसाचा सूर लागला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोगजंतू कुठल्या औषधाने मरतात आणि कुठल्याला जुमानत नाहीत, हे तपासणं माझं काम. नमुने आणायला मीच एसटीने हिंडायची. शहापूरला विहिरींच्या पाण्याच्या चार बाटल्या भरून बर्फात ठेवल्या आणि मुरबाडची गाडी पकडली. ती किन्हवलीला अर्धा तास का थांबली, हे ड्रायव्हरलाही सांगता आलं नाही.

मुरबाडहून सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावर (छोट्या वस्तीवर) जायला जीप. एका मांडीवर डबा, दुसरीवर कुणाची तरी कोंबडी. थंडीतल्या उन्हात गड सुरेख दिसत असावा. मला कोंबडीच दिसत होती.

पाड्यावर बुधी नावाची बाई नऊ दिवस तापाने फणफणत होती. विषमज्वराची शंका होती. तिच्या रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढले, तरच तिला कुठलं औषध लागू पडेल ते कळणार होतं. आणि रक्त औषधाआधीच घ्यायला हवं होतं; नंतर घेतलं तर जंतू वाढतीलच असं नाही. डॉक्टरांनी कॅप्सूल देऊन ठेवल्या होत्या.

मी रक्त घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, काळूला, ठणकावलं, "आता लगेच पहिली कॅप्सूल द्या. उशीर करू नका."

"देतो," तो म्हणाला, आणि मला तांदळाची भाकर नि सुकटाची (सुक्या मासळीची) चटणी खायला बसवलं. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, पण भाकर झकास होती.

मुरबाड स्टँडवरचा सरबतवाला माझ्या ओळखीचा. बर्फ भरायला डबा त्याच्याकडे दिला, फडक्यात गुंडाळलेली रक्ताची बाटली शेजारी ठेवली आणि फोन करायला गेले. परत येते तो बाटली बर्फात, पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध.

रक्ताची ही बाटली कधीही बर्फात ठेवायची नसते. जंतू गारठले की वाढतीलच याचा भरवसा नाही. तोंडाला येईल ते मी बोलले.

त्याने ऐकून घेतलं. "बाई, तीन वरसं तुमीच सांगताय, नमुना म्हंजे बर्फ. पट्टाबी बांधून दिला बघा."

पट्टा खरंच बांधलेला होता. मी डबा खांद्याला अडकवला.

त्याच जीपने पुन्हा वर गेले. आतापर्यंत कॅप्सूल बुधीच्या पोटात गेली असणार, रक्त घेऊन उपयोग काय, या विचाराने जीव कासावीस झाला होता. काळू दारातच उभा होता.

"कॅप्सूल कधी दिली?"

"नाय दिली अजून."

माझं डोकंच फिरलं. "सांगितलेलं एक तरी ऐकता का तुम्ही?"

"बाई, तालुक्याला दाखल्यासाठी गेलो तरी तीन खेपा होतात. रगताचं (रक्ताचं) काम एका खेपेत कसं व्हईल? म्हटलं, शेवटची जीप जाऊ दे, मंग देऊ."

बुधीने दुसरा हात पुढे केला.

या वेळी बाटली मी कमरेला, पदराच्या आत बांधली. कल्याणला जाणाऱ्या एसटीत एक बाई सरकून बसली, बहुधा मी पोटुशी आहे असं समजून. माझं म्हणणं न ऐकणाऱ्या लोकांवर मी वर्षानुवर्षं चिडत आले. त्या दिवशी एकाने ऐकलं आणि नमुना गेला, दुसऱ्याने ऐकलं नाही म्हणून तो मिळाला. याचा राग कुणावर काढावा ते कळेना.

बर्फातल्या बाटलीत काहीच वाढलं नाही. कमरेच्या बाटलीतले जंतू वाढले, आणि काळूकडे होती त्या कॅप्सूलच्या औषधाला अगदी खेटून वाढले, म्हणजे त्या औषधाला त्यांनी जुमानलंच नाही. लगेच द्या म्हणून मी ठणकावलेलं औषध हेच. ते बिनकामाचं औषध बुधी चार दिवस गिळत होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या एका औषधापुढे मात्र ते जंतू टिकले नव्हते. डॉक्टरांकडून ते घेऊन मी पाड्यावर गेले. काय झालं, ते काळूला सरळ सांगितलं. तो ओरडेल, निदान चिडेल, असं वाटलं होतं. मी चिडलेच असते.

त्याने नवी गोळी बुधीला दिली, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"झाल्या ना तीन खेपा," तो म्हणाला. "आता उतरंल ताप."

उतरला.