मॅडमचं आडनाव

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर ही तुमची आजी इतकी भरभर बोलली, की तुमच्या आईला वाटलं घरात काहीतरी झालं. घरात काही नाही, गावात झालं. आणि मी मुद्द्याला येईपर्यंत तुमची शाळेची बस आली. म्हणून आता सुरुवातीपासून, क्रमाने लिहिते.

आमच्या जिल्ह्यात हल्ली पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवर नुसतं नाव असतं, आडनाव नसतं. तुम्हाला तिकडे परदेशात यात विशेष काही वाटणार नाही. इथे मात्र आडनावावरून जात कळते, आणि जात कळली की हा साहेब कुणाचा, कुणाचा फोन त्याला लागू पडेल, हेही ठरतं. पोलीस ठाण्यात जायचं ते एखाद्या पुढाऱ्याला सोबत घेऊनच. एकट्यादुकट्याची तक्रार लिहून घेत नाहीत, अशी गावाची पक्की समजूत. पुढारी सोबत आला की तो प्रकरण तिथेच मिटवूनही टाकतो, हा भाग वेगळा.

आता शेजारची मुलगी. मागच्या सुट्टीत तुम्हाला सायकलवर डबलसीट फिरवणारी. ती रोज सकाळी आमच्या फाट्यावरून एसटीने बीडला कॉलेजला जाते. महिनाभर दोन पोरं मोटारसायकलवरून तिच्या मागे लागली होती. आधी नुसतं बोलणं, मग एका सकाळी त्यांनी तिची ओढणी ओढली. तिचे वडील गावात शिंपीकाम करतात, भिडस्त माणूस. त्यांनी घरात सांगून टाकलं, की या आठवड्यात पोलीस गावात बैठक घेणार आहेत, तिच्यात काही निघालं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून कॉलेज बंद. त्या रात्री ती माझ्याकडे येऊन बसली. रडली नाही. माझा विषय नक्की घेणार ना, एवढंच विचारत राहिली.

बैठक मारुतीच्या सभामंडपात होती. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं म्हणून मला कायदाही येतो असं गाव धरून चालतं. त्यामुळे विषय लावायचं काम माझ्याकडे आलं. मी ते प्रश्नपत्रिकेसारखे, सोप्याकडून अवघडाकडे लावले. आधी फाट्यावरचा दिवा, मग चोरून विकली जाणारी दारू, मग ऊसतोडीला गेलेल्यांच्या बंद घरांवर गस्त, गावात चौकी हवी की नको, आणि शेवटी मुलींचा विषय. तोपर्यंत लोक मोकळे होतील असा माझा हिशोब.

ठाण्याच्या नव्या अधिकारी मॅडम एका महिला शिपायासोबत जीपमधून उतरल्या. सगळ्या नजरा आधी पाटीवर गेल्या. नुसतं नाव! मग म्हातारी मंडळी कामाला लागली. दिवा राहिला बाजूला.

एकाने विचारलं, "मॅडम, गाव कोणतं तुमचं?"

"सध्या ठाणं आहे तेच. ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये राहते."

"तसं न्हाई. मामाचं गाव?"

मॅडमनी गाव सांगितलं. आष्टीकडचं, चांगलं मोठं. "तिथं कुणाच्यातल्या?" लगेच पुढचा प्रश्न.

"शाळेशेजारी राहतात त्यांच्यातल्या."

"आन् सोयरीक कुठं केली?"

"अजून केली नाही, काका."

"मग आमी बघू की स्थळ. पण त्याला आडनाव लागंल." सगळा मंडप हसला, मॅडमही हसल्या, आणि आडनाव काही सांगितलं नाही. मागे बसलेल्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. मलाही इतकी मजा येत होती, की विषयपत्रिका हातात आहे हे मी विसरले.

मग चर्चा खरीच तापली. चौकी आली तर दारूवाल्याला हप्ता द्यायला लांब जावं लागणार नाही, असं एक बाई मागून म्हणाली. एका म्हाताऱ्याचं म्हणणं, आडनाव झाकून काय होतंय, मनातलं कोण झाकणार. त्यावर मॅडम म्हणाल्या, की मनाचं मीही सांगू शकत नाही. पण तक्रार आणाल तर घ्यावी लागेल, आणि घेतली नाही तर माझ्या वरच्यांकडे माझीच तक्रार करा. असं कुणी साहेब बोललेला आम्ही ऐकला नव्हता. मग जो तो बोलू लागला. अंधारातला फाटा, ऊसतोडीच्या दिवसांत घरी उरणारी म्हातारी माणसं, फोडलेली कुलपं. वेळ कुठे गेला कळलं नाही, आणि माजी सरपंचांनी उठून आभार मानायला सुरुवात केली. चहाच्या किटल्याही आल्या.

खांबाला टेकलेली ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी उठले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "एक विषय राहिलाय. चहा त्यानंतर."

ती पुढे आली. सगळं सांगितलं, ओढणीचंही, आणि मोटारसायकलचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. ती गाडी माजी सरपंचांच्या पुतण्याची, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

माजी सरपंच हसत हसत म्हणाले, "लेकरं हायत मॅडम. बसून मिटवू आपण. तुमी मूळच्या कुठल्या म्हणालात?"

"आबा, माझं आडनाव कळलं तरी गाडीचा नंबर तोच राहील," मॅडम म्हणाल्या. आणि मुलीकडे वळल्या. "तक्रार द्यायची आहे?"

तिने वडिलांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. माजी सरपंचांच्या घरचे सगळे कपडे तेच शिवतात. ते खाली मान घालून बसले होते. मान वर केली तेव्हा चेहरा घामाने भिजलेला होता.

"माझ्याकडं काय बघतीस?" ते म्हणाले. "सांग त्यांना."

महिला शिपायाने तिथेच बसून लिहून घेतलं. मुलीने ते सावकाश वाचलं, एक वाक्य बदलायला लावलं, मग सही केली. सोबत पुढारी नव्हता, कुणाचा फोन नव्हता. घरी आल्यावर झोपच येईना, म्हणून तर तुम्हाला भलत्या वेळी फोन लावला.

दोन्ही पोरांना ठाण्यात बोलावणं गेलं, गाडी जमा झाली. फाट्यावर दिवा अजून नाही. चौकीवर वाद चालूच आहे, आणि मी चौकीच्या बाजूची आहे. माजी सरपंचांनी लग्नसराईचं कापड चौसाळ्याच्या शिंप्याकडे टाकलं. मुलीचे वडील म्हणतात, त्यांच्या सदऱ्याला लई कापड लागायचं, बरं झालं.

सोमवारी मी फाट्यावर गेले. वडीलही आले होते, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. एसटी आली, ती चढली, खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी हलल्यावर ते म्हणाले, "उद्यापासून सोडाया यायचं न्हाई म्हणाली मला. मैत्रिणी हसत्यात."

आणि मशीनवर काम पडलंय म्हणत झपाझप गावाकडे निघाले.