चहा फक्त पाहुणीला

इंग्लंडमध्ये, लीड्सला मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इतिहास शिकवते. त्या आठवड्यात शिकवायला सतराव्या शतकातली अमेरिकेतली प्युरिटन वसाहत होती. इथूनच गेलेले, कडक ख्रिस्ती पंथाचे लोक. तिथे मताचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. सभासद व्हायचं तर देवाने आपल्याला कसं निवडलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, आणि ते मंडळीला पटायला हवं. न पटलेल्यांनीही रविवारी प्रवचनाला यायचंच, नाहीतर दंड.

"माझी सासू तिथलीच असणार," मागून एक जण म्हणाला. वर्ग हसला.

वाळीत टाकलेल्यानेही प्रवचनाला यायचं, पण त्याच्याबरोबर कोणी जेवायचं नाही, असं मी सांगितलं. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने विचारलं, "परत घ्यायचे का?"

"पाप कबूल केलं आणि पश्चात्ताप खरा वाटला, तर."

वर्ग सुटल्यावर ती थांबली. तिचे वडील अशाच एका छोट्या, कडक मंडळीचे प्रमुख. तिने मंडळीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून माहेरचं दार बंद. आता आई तिथे शेवटच्या आजारात होती. तिला भेटायचं तर आधी मंडळीसमोर लग्न पाप होतं म्हणायचं.

"येशील सोबत?" ती म्हणाली. "नवऱ्याला कसं नेऊ? पाप तर तोच आहे."

रविवारी गेलो. पांढऱ्या भिंती, थंडगार हॉल. तिला मागे एकटीला बसवलं. ती उभी राहिली, सरळ आवाजात सगळं बोलली. पुरुष शेजारच्या खोलीत गेले. परत आल्यावर तिच्या वडिलांनीच सांगितलं, "शब्द बरोबर होते. पश्चात्तापाने मन मोडलेलं दिसलं नाही. पुढच्या रविवारी ये."

मग चहा. एका बाईने हसून मला कप दिला, वर बिस्किट. मी बौद्ध, त्यांच्या लेखी नरकात जाणारी, पण पाहुणी. तिला मात्र कोणी चहा विचारला नाही. गावच्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कप वेगळा ठेवलेला असे. मला समजायला वेळ लागला नाही. मी माझा कप तिच्यापुढे केला.

"नको, बघतायत."

"बघू देत."

"तुझं काय जातंय? आई माझी आहे." मग हळूच म्हणाली, "ते तुझे वर्गातले प्युरिटन कबुली देताना रडायचे ना? कसे?"

"रडले एवढंच लिहिलंय."

गाडीत बसल्यावर तिने समोरचा छोटा आरसा उघडला आणि तोंड वेडंवाकडं करून पाहिलं. डोळे कोरडेच राहिले.