बरा होऊ न दिलेला मुलगा

नोकरीत खून बरेच पाहिले. त्यांतले कितीतरी आता पुसट झालेत. वारज्यातला तो लख्ख, नीटनेटका फ्लॅट मात्र अजून विसरता येत नाही.

मी तेव्हा त्या भागात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपत असताना एक फिजिओथेरपिस्ट बाई ठाण्यात आल्या. मोटारसायकलच्या अपघातात जायबंदी झालेल्या एका तरुणाला व्यायाम द्यायला त्या जात असत. मुलगा धरून उभा राहू लागला, आणि नेमकं त्याच आठवड्यात वडिलांनी त्यांचं येणं बंद केलं. आता तो बरा होणार नाही, म्हणाले. मुलाचा फोनही लागेना. लेखी तक्रार द्यायला बाई कचरत होत्या. "साहेब, एकदा बघून या," एवढंच म्हणाल्या.

वडील मार्केट यार्डातले आडते. पत्नी आधीच वारलेली. मुलासाठी गाळा भावाकडे सोपवून ते घरी बसले होते, आणि सोसायटीत त्याचं कौतुक होतं. त्यांनी आम्हाला अदबीने आत घेतलं. चादर पांढरीशुभ्र, मुलाची दाढी केलेली, इतके महिने पडून असूनही पाठीला एक जखम नाही. वडिलांनी चमचा पुढे केला की पंचविशीतला तो मुलगा डोळे न उघडताच तोंड उघडायचा. घरात त्याची एकही चप्पल दिसली नाही. विचारलं, तर म्हणाले, "लागते कुठं त्याला?"

मुलाला सरकारी रुग्णालयात हलवलं. रक्तात झोपेचं औषध निघालं.

आरोप केला की माणूस मिटतो, दुःखाबद्दल विचारलं की बोलतो. म्हणून वडिलांना चहा दिला आणि गोळ्यांचं न काढता अपघाताबद्दल विचारलं. मुलगा वाद घालून घराबाहेर पडला होता. पुढचं त्यांना कळलं ते रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाच्या फोनवरून. हे सांगताना त्यांचा चहा निवून गेला.

"म्हणून गोळ्या?" मी विचारलं.

"थोड्याच देत होतो. झोपलेला असला की मला कळतं साहेब, तो कुठं आहे."

गुन्हा दाखल झाला, अटक झाली. मुलाने जबाबात बापाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. औषध थांबल्यावर काही महिन्यांत तो वॉकर धरून चालू लागला. एका तारखेला तो स्वतः कोर्टात आला. त्याला उभा पाहून बापाला बरं वाटेल, अशी माझी समजूत. पण वडील शिपायाच्या हाताला हिसका देऊन पुढे झाले.

"बाळा, पडशील. बस खाली."

आणि तो मुलगा मुकाट्याने तिथेच फरशीवर बसला.

पुढे कुणी 'फार जपतात हो त्याला' असं सांगितलं, की ज्याला जपलं जातंय त्याला मी आधी एकट्याला भेटायचो. त्या मुलाला आम्ही खोलीतून बाहेर काढलं होतं. आमच्या हातून तेवढंच झालं.